सातबाऱ्यावर थांबू नका

संपादक महोदय,

वंशावळ काढणारे बहुतेक जण सातबाऱ्यापाशीच अडतात. नाते उलगडते ते फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत (गाव नमुना ६): 'मयत अमुक, वारस मुलगे तमुक'. सातबाऱ्यावरील फेरफार क्रमांक धरून एकेक पिढी मागे जावे. मृत्यूची तारीख कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत पडताळावी. जुनी पाने मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत हवा. खरा घोळ नावांचा. नातवाला आजोबांचे नाव ठेवत, त्यामुळे 'गणू बिन राघू' (राघूचा मुलगा गणू) दोनदा सापडतो आणि मधली पिढी गळते. बायकांची नावे तर क्वचितच. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरू घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या वह्याही पाहाव्यात. तिथे मूळ गाव आणि आडनाव सांगावे लागते. नोंदीतले वर्ष शकाचे असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवायला विसरू नये.

– एक वाचक