मूल हवे असेल, तर बाहेरून टेस्टोस्टेरॉन नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पुरुषांचा थकवा, घटलेली कामेच्छा आणि मूल न होणे या तिन्ही तक्रारींवर ‘टेस्टोस्टेरॉन वाढवा’ असा एकच सल्ला आरोग्यविषयक लेखांतून आणि जाहिरातींतून एका दमात दिला जातो. रक्ततपासणीत या संप्रेरकाची कमतरता खरोखर सिद्ध झाली असेल, तर पहिल्या दोन तक्रारींपुरते त्यात तथ्य आहे. परंतु ज्याला मूल हवे आहे, त्याच्यावर हाच सल्ला उलटतो. इंजेक्शन, जेल किंवा गोळीतून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे शुक्राणूंची निर्मिती घटते आणि पुष्कळदा पूर्ण थांबते. हे विधान अनेकांना विपरीत वाटते, म्हणून त्यामागची शरीरातली व्यवस्था थोडी विस्ताराने सांगतो.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून साधारण दीड-दोन तासांच्या अंतराने जीएनआरएच हे संप्रेरक थोडे थोडे स्रवते आणि त्याच्या प्रभावाने पीयूष ग्रंथी एलएच व एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एलएच वृषणातील लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन तयार करायला लावते. एफएसएच शुक्राणुजनक नलिकांमधील सर्टोली पेशींवर काम करते. वाढत्या शुक्राणूंचे पोषण याच सर्टोली पेशी करतात, आणि टेस्टोस्टेरॉनचा संदेशही त्यांच्यामार्फतच पोहोचतो. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असते, आणि शुक्राणूंची वाढ पूर्ण होण्यासाठी ती तशी असावी लागते. मेंदू मात्र रक्तातली पातळी पाहून निर्णय घेतो. बाहेरून आलेल्या टेस्टोस्टेरॉनने ती भरलेली दिसली, की जीएनआरएच आणि त्यामागोमाग एलएच व एफएसएच घटतात, लायडिग पेशी काम जवळजवळ बंद करतात आणि वृषणाच्या आतली पातळी कोसळते. इंजेक्शनमधून रक्तात आलेली मात्रा ही आतली तूट भरून काढू शकत नाही.

हा परिणाम इतका भरवशाचा आहे, की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने सात देशांत झालेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट (इंजेक्शनने द्यायचा टेस्टोस्टेरॉनचा एक प्रकार) देण्यात आले. त्यांपैकी १५७ जणांच्या वीर्यात सहा महिन्यांच्या आत शुक्राणू आढळेनासे झाले. जे औषध गर्भनिरोधक म्हणून तपासले गेले, तेच अपत्यप्राप्तीसाठी सुचवले जावे, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

यातली फसगत अशी, की त्या पुरुषाला स्वतःला काहीच जाणवत नाही. कामेच्छा वाढते, स्नायू भरतात आणि टेस्टोस्टेरॉनचा अहवालही उत्तम येतो. वीर्याचे प्रमाणही फारसे घटलेले दिसत नाही, कारण त्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. शुक्राणूंचा वाटा अगदी अल्प असतो. फार तर वृषण थोडे आक्रसल्याचे ध्यानात येते. स्नायू वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्सनाही हे सर्व लागू आहे, किंबहुना त्यांच्या मोठ्या मात्रांमुळे अधिकच.

औषध बंद केल्यावर बहुतेकांची निर्मिती पूर्ववत होते, पण त्याला महिने लागतात. काहींना वर्षाहून अधिक काळ लागतो. मूळ पेशीपासून शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस आणि त्यानंतर अधिवृषणातून, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या वेटोळ्या नलिकेतून, पुढे सरकत परिपक्व होण्यास साधारण दोन आठवडे जातात. त्यामुळे औषध सोडल्यावर पंधरा दिवसांनी केलेल्या वीर्यतपासणीतून काहीच कळत नाही.

संप्रेरकांचे उपचार निरुपयोगी आहेत, असे मात्र मला म्हणायचे नाही. पीयूष ग्रंथीच कमी पडत असेल, तर एलएचसारखे काम करणारे एचसीजी आणि गरजेनुसार एफएसएच यांच्या इंजेक्शनांनी शुक्राणुनिर्मिती सुरू करता येते, कारण हे उपचार वृषणालाच कामाला लावतात. उलट शुक्राणू कमी असून रक्तात एफएसएच बरेच वाढलेले असेल, तर दोष बहुधा वृषणातच असतो आणि तिथे अशा इंजेक्शनांचा फारसा उपयोग होत नाही. हा फरक तपासण्यांतूनच कळतो, लेखातल्या सरसकट सल्ल्यातून नव्हे.

आपल्या पत्राने टेस्टोस्टेरॉनविषयी लेख किंवा जाहिरात छापताना ‘अपत्य हवे असणाऱ्यांनी हे औषध घेऊ नये, आधी वीर्यतपासणी करून तज्ज्ञांना भेटावे’ एवढे वाक्य ठळकपणे द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक