रेडिओलॉजीवाल्याला जास्त का मिळतं?

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, माझ्याबरोबर एमडी झालेल्या रेडिओलॉजीवाल्याला (सोनोग्राफी-एमआरआयचे रिपोर्ट देणारा) मला बालरोगतज्ज्ञ म्हणून मिळणार त्याच्या जवळजवळ दुप्पट पगार ठरला, हे कळल्यापासून तुमचा एकच प्रश्न: दोघांनीही तीन-तीन वर्षंच घातली ना, मग असं कसं? फोनवर आपले दोघांचेही आवाज चढतात, म्हणून लिहून सांगते.

सरकारी नोकरीत हा फरक नाही. ईएसआयसीत, म्हणजे कामगार विम्याच्या सरकारी हॉस्पिटलात, स्पेशालिस्ट म्हणून लागलं, तर बालरोगतज्ज्ञ असो की रेडिओलॉजिस्ट, मूळ वेतन ६७,७०० पासूनच, वर २० टक्के एनपीए, म्हणजे खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा भत्ता. रेसिडेन्सीतही, म्हणजे एमडी करताना, आमचं विद्यावेतन सारखंच होतं.

फरक पडतो तो खासगीत. तिथे एमआरआयवर कोट्यवधी घातलेले असतात. रिपोर्ट द्यायला माणूस नसेल तर मशीन नुसतं हप्ते खातं. त्यात सोनोग्राफीला पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा: एका डॉक्टरला जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रं. म्हणजे माणूस प्रत्येकालाच हवा, आणि मिळत नाही. शिवाय रेडिओलॉजिस्टला स्वतःचं नाव व्हायची वाट बघावी लागत नाही, पेशंट दुसऱ्याच डॉक्टरनं पाठवलेला असतो.

माझ्याकडे मशीन नाही. तापानं फणफणलेलं पोर तपासायचं, वजनावर डोस काढायचा, त्याच्या आजीची समजूत घालायची, रात्री अकराला ‘पुन्हा ताप चढला’ म्हणून आलेला फोन घ्यायचा. बिलात येते फक्त तपासणी फी. (फोनचे पैसे लावले, तर आई, तूच मला घरात घेणार नाहीस.)

सर्जन म्हणजे लगेच पैसा, हेही खरं नाही. आमच्यातला एमएस झालेला अजून सीनियरच्या हाताखाली असिस्टच करतोय. भूलतज्ज्ञ मैत्रिणीला दर केसमागे पैसे मिळतात, त्यामुळे तिचं पहिल्यापासून बरं चाललंय, पण झोपेचा पत्ता नाही.

प्रवेश परीक्षेतल्या माझ्या रँकला रेडिओलॉजी मिळालीच नसती, वरचे रँकवाले ती आधी उचलतात. मिळाली असती तरी दिवसभर स्क्रीनसमोर बसणं मला जमलं नसतं.

सक्तीच्या सरकारी सेवेचं, बाँडचं वर्ष पुढच्या महिन्यात संपतंय. मग एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेल्या हॉस्पिटलात पगारावर राहणार आहे, स्वतःचा दवाखाना इतक्यात नाही. तेव्हा बाबा, एफडी मोडायची चौकशी थांबवा, आणि वावर विकायचा विषय तर काढूच नका. आईचा शुगरचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

तुमची,
मनू