आधी १३, वर्षाने २३

परळ, मुंबई

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि डॉक्टरांनी एकच इंजेक्शन चुकून दोनदा लिहिलंय असं आईने ठरवूनच टाकलंय. म्हणून हे कागदावर. चिठ्ठीवरच्या पीसीव्ही १३ आणि पीपीएसव्ही २३ या दोन्ही न्यूमोकॉकसच्याच (न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूच्या) लसी, पण एक नव्हेत. त्यांचा क्रम उलटा करायचा नाही.

या जिवाणूच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं बुळबुळीत कवच असतं. (बाबांच्या शुगरशी त्याचा संबंध नाही. मधुमेहात हा आजार जास्त बळावतो, एवढंच.) कवचामुळे पांढऱ्या पेशींना तो पकडताच येत नाही. शिवाय कवचाचे प्रकार शंभराहून जास्त, आणि एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्यावर सहसा चालत नाहीत. १३ आणि २३ हे आकडे त्या प्रकारांचे.

२३ च्या लसीत प्रत्येक प्रकाराची नुसती साखर असते, २५ मायक्रोग्रॅम. तिच्यावर शरीर प्रतिपिंडं करतं, पण लक्षात ठेवत नाही. दोन वर्षांखालच्या बाळांत तर तेवढंही धड होत नाही. १३ च्या लसीत तीच साखर एका प्रथिनाला जोडलेली असते. हे प्रथिन म्हणजे घटसर्पाच्या विषाचं निर्विष रूप. प्रथिनामुळे टी-पेशी (एका जातीच्या पांढऱ्या पेशी) कामाला लागतात आणि आठवण राहते. म्हणून बहुतेक प्रकारांची २.२ मायक्रोग्रॅम साखर पुरते.

माझ्या कामाचं विचारत असता ना, ते म्हणजे ही जोडणी. शुद्ध केलेल्या साखरेची काही कडी सोडियम परआयोडेटने उघडायची आणि मग ती प्रथिनाशी सांधायची. परआयोडेट कमी पडलं तर साखर जोडलीच जात नाही, जास्त झालं तर साखळीचे तुकडे पडतात. न जोडलेली साखर गाळून काढावी लागते, नाहीतर लसीत ती नुसत्या साखरेसारखीच वागते. हे सगळं तेरा वेळा, कारण एका प्रकाराचं माप दुसऱ्याला लागू पडत नाही. हाफकिनसाहेबांच्या प्लेगच्या लसीला असली जोडाजोड नव्हती. मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्यांना लोंबून जिवाणू वाढायचे, ते तापवून मारायचे. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःलाच टोचली. अख्खा जिवाणू असल्याने ताप मात्र सडकून यायचा.

लस लागली का, हे बघायला लस घेतलेल्याच्या रक्तातला द्रव ५६ अंशांवर अर्धा तास ठेवतात, मग त्यात जिवंत जिवाणू, सशाच्या पिलाच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट (प्रतिपिंडांना मदत करणारी प्रथिनं) आणि वाढवलेल्या पांढऱ्या पेशी घालतात. द्रव किती पातळ केला तरी निम्मे जिवाणू मरतात, ते मोजायचं. इथे नेहमीचा घोळ म्हणजे अँटिबायोटिक. रक्त देणाऱ्याने गोळी घेतली असेल तर जिवाणू गोळीनेच मरतात आणि लस उगाच भारी ठरते.

आई, तुझ्या डब्यातल्या अँटिबायोटिकच्या जुन्या पट्ट्यांचं यासाठीच सांगते. बाबांना थंडी वाजून ताप आला तर त्यातली गोळी देऊ नकोस, लगेच डॉक्टरांकडे ने. ब्लड कल्चरचं (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघायच्या तपासणीचं) रक्त गोळीआधी घ्यायचं असतं, दोन जागांहून, दर बाटलीत ८ ते १० मिली. गोळी आधी गेली तर रक्तात जंतू असूनही बाटलीत उगवत नाही. प्रकृती फारच ढासळलेली असेल तर मात्र रक्तासाठी औषध अडवायचं नाही.

आता लसीचं. आधी १३, मग किमान वर्षाने २३. उलट घेतली तर १३ ला शरीर कमी दाद देतं. डॉक्टरांनी ऐनवेळी २० ची लस सुचवली तर ती एकच पुरे, मग २३ नको.

केमिस्टकडून आणून घरी ठेवू नका, दवाखान्यातलीच टोचून घ्या. तिला २ ते ८ अंश लागतात. उन्हापेक्षा मला बर्फाची धास्ती जास्त. लोकलने नेताना पिशवीतला बर्फ कुपीला टेकला आणि लस गोठली, की १३ मधल्या ॲल्युमिनियम फॉस्फेटचे (लसीचा जोर वाढवणाऱ्या क्षाराचे) गठ्ठे होतात. वितळल्यावर ती वरवर ठीक दिसली तरी भरवशाची राहत नाही. टोचण्याआधी ती हलवून एकसारखी पांढरी व्हायला हवी. गुठळ्या राहिल्या तर सरळ नको म्हणा.

दंड दोन दिवस दुखेल, थोडी कणकण येईल. फ्लूची लस त्याच दिवशी दुसऱ्या दंडावर चालते. तारीख आणि लसीचं नाव बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढच्या वर्षी २३ च्या वेळी लागेल.

तुमची,
चिमी