तक्रार : राउटरची फाइल-शेअरिंग सोय चालवण्यासाठी संगणकांची सुरक्षा काढायला लावू नये

प्रति,
ग्राहक सेवा विभाग आणि फर्मवेअर विभाग

विषय : यूएसबी पोर्टवरील शेअरिंगमधील दोष, मदत केंद्राचा धोकादायक सल्ला, खोक्यातील अपुरी केबल आणि माहितीपत्रकातील त्रुटी

महोदय/महोदया,

यूएसबी पोर्टला हार्ड डिस्क जोडली की घरातल्या सगळ्या संगणकांना त्यावरच्या फाइली मिळतील, असे आपल्या गिगाबिट राउटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे. मी हा राउटर त्याच सोयीसाठी घेतला. सोय चालते, पण प्रत्येक संगणकाचे संरक्षण कमी केल्यावरच, आणि ते कमी करायला आपले मदत केंद्रच सांगते. माझी मुख्य तक्रार ही आहे. केबल, वाय-फायची सेटिंग आणि माहितीपत्रक यांबद्दल पुढे लिहिले आहे.

विंडोज ११ च्या संगणकावर फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलटे स्लॅश देऊन राउटरचा पत्ता, म्हणजे १९२.१६८.०.१, टाकला की फोल्डर उघडत नाही. हे शेअर सुरक्षित नाही, त्याला कालबाह्य एसएमबी१ प्रोटोकॉल लागतो, असा संदेश येतो. (एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याची पद्धत; एसएमबी१ ही तिची जुनी आवृत्ती.) संदेश इतका स्पष्ट असताना दोष नेटवर्कमध्ये किंवा परवानग्यांमध्ये शोधण्याचे कारण नाही. खातरजमा हवी असेल तर आपल्या प्रयोगशाळेत इंटरनेटपासून तोडलेल्या एका संगणकावर एसएमबी१ तात्पुरता चालू करा, शेअर उघडा आणि पॉवरशेलमध्ये गेट-एसएमबीकनेक्शन ही कमांड द्या. डायलेक्टच्या, म्हणजे एसएमबीच्या आवृत्तीच्या, रकान्यात २ किंवा ३ ने सुरू होणारा आकडा यायला हवा. तिथे १.५० दिसेल.

एसएमबी२ विंडोज व्हिस्टाबरोबर आला आणि एसएमबी३ २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबी१ च्या सर्व्हरमधल्या त्रुटीवर स्वार होऊन. मायक्रोसॉफ्टने तिची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती, तरी ती न बसवलेले संगणक जगभर सापडले. त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये एसएमबी१ मुळातच चालू नसतो. सांबा या, विंडोजसारखे शेअरिंग इतर यंत्रांवर देणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरनेही २०१९ मधल्या ४.११ आवृत्तीत तो मूळ सेटिंगमध्ये बंद केला. आपल्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर ओपन सोर्स परवान्यांची यादी आहे, तिच्यात सांबा ३.० लिहिले आहे. त्या मालिकेला एसएमबी२ येतच नाही; त्याचा पूर्ण आधार २०११ च्या ३.६ मध्ये आला. म्हणून ग्राहकाने आपल्या संगणकावर काहीही बदलले तरी हा दोष जाणार नाही. तो फर्मवेअरमध्ये, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तिथेच दुरुस्त व्हायला हवा.

आता आपल्या मदत पानावरचा सल्ला. विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १.०/सीआयएफएस खालच्या सर्व चौकटींवर खूण करा, फायरवॉल बंद करा, पासवर्ड-संरक्षित शेअरिंग बंद करा आणि संगणक पुन्हा सुरू करा, असे तिथे लिहिले आहे. फोनवरचे प्रतिनिधीही हेच वाचून दाखवतात. या तीन सूचना एकेक करून तपासाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एसएमबी १.० खाली तीन चौकटी असतात : आपोआप काढून टाकणे, क्लायंट (दुसऱ्याच्या फाइली उघडणारा भाग) आणि सर्व्हर (आपल्या फाइली इतरांना देणारा भाग). राउटरवरचे शेअर उघडायला फक्त क्लायंट लागतो. सर्व्हरची चौकट निवडली की तो संगणक स्वतःच एसएमबी१ वर इतरांना उत्तर द्यायला लागतो, आणि २०१७ मधला हल्ला याच भागावर झाला होता. म्हणजे जे मुळीच लागत नाही आणि सर्वांत धोक्याचे आहे, तेही आपण चालू करायला सांगता.

फायरवॉलची सूचना तर निव्वळ निरुपयोगी आहे. राउटरवरची फाइल उघडताना जोडणी संगणकाकडून बाहेर जाते, आणि बाहेर जाणाऱ्या जोडण्या विंडोज फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये अडवत नाही. ती बंद केल्याने शेअर उघडणार नाही. लॅपटॉप मात्र दुसऱ्या कुठल्याही वाय-फायवर गेला की उघडा पडेल, कारण एकदा बंद केलेली फायरवॉल पुन्हा चालू करायला पानावर कुठेच सांगितलेले नाही.

पासवर्ड-संरक्षित शेअरिंग ही त्या संगणकावरच्या फोल्डरांची सेटिंग आहे. राउटरच्या डिस्कशी तिचा संबंध नाही. ती बंद केल्याचा परिणाम एवढाच, की त्या संगणकावर सर्वांसाठी शेअर केलेले फोल्डर नेटवर्कवरच्या कुणालाही पासवर्डशिवाय उघडता येतात.

फर्मवेअरमध्ये नुसता एसएमबी२ आणूनही भागणार नाही, हे आपल्या अभियंत्यांनी लक्षात घ्यावे. सध्या राउटरचे शेअर पासवर्डविना, गेस्ट म्हणून उघडते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो संगणकांवर गेस्ट प्रवेश मूळ सेटिंगमध्ये बंद असतो आणि एसएमबी साइनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर तो अस्सल असल्याची डिजिटल सही, सक्तीचे असते. साइनिंगची किल्ली युजरच्या पासवर्डवरून तयार होते, त्यामुळे गेस्टला ते जमतच नाही. राउटरवर वेगळे युजर तयार करता यायला हवेत, प्रत्येकाला पासवर्ड आणि फोल्डरनिहाय वाचण्याची किंवा लिहिण्याची परवानगी देता यायला हवी. फ्लॅश मेमरी कमी असल्याने नवे सांबा मावत नसेल, तर केएसएमबीडी या लिनक्समधल्या एसएमबी सर्व्हरचा विचार करावा. तो २०२१ मध्ये लिनक्स कर्नेलच्या ५.१५ आवृत्तीत आला, आकाराने लहान आहे आणि त्याला एसएमबी३ येतो.

नवे फर्मवेअर येईपर्यंत मदत पानावर पुढील मार्ग द्यावा. डिस्क राउटरला न लावता जो संगणक जास्त वेळ चालू असतो त्याला लावावी आणि तिथून फोल्डर शेअर करावे. त्या संगणकाचे नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट असावे. पब्लिक असेल तर विंडोज शेअरिंगचे दार बंदच ठेवते. शेअरिंगसाठी वेगळे लोकल खाते काढून त्याला पासवर्ड द्यावा. रोज लॉगिन करताना वापरतो तो पिन नेटवर्कवरून चालत नाही, आणि बरेच लोक इथेच अडकतात. दुसऱ्या संगणकावर युजरनेम विचारले की आधी शेअर करणाऱ्या संगणकाचे नाव, मग उलटा स्लॅश आणि मग खात्याचे नाव लिहावे. परवानग्या दोन ठिकाणी द्याव्या लागतात, शेअरिंग टॅबमध्ये आणि सिक्युरिटी टॅबमध्ये. दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागू होते, म्हणून एका ठिकाणी पूर्ण परवानगी देऊनही फाइल सेव्ह होत नाही. राउटरच्या डीएचसीपी (संगणकांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) रिझर्व्हेशनमध्ये त्या संगणकाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) घालून आयपी कायमचा करावा आणि ड्राइव्ह मॅप करताना नावाऐवजी तो आयपी वापरावा. संगणक नेटवर्कच्या यादीत दिसत नसेल तर त्याच्यावर फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन ही सर्व्हिस चालू आहे का ते पाहावे. शेवटी, त्या संगणकाचे स्लीप बंद ठेवावे.

खोक्यातल्या केबलबद्दल. राउटरचे लॅन (घरातल्या संगणकांसाठीचे) पोर्ट गिगाबिटचे आहेत, पण सोबतच्या केबलने जोडलेला संगणक १०० एमबीपीएसच दाखवतो. केबलचे पारदर्शक टोक उजेडात धरले की कारण दिसते : आठ खाचांपैकी पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी एवढ्यांतच तारा आहेत, उरलेल्या चार रिकाम्या आहेत. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्यामुळे फाइल सेकंदाला जेमतेम ११ एमबी वेगाने जाते. त्याच दोन पोर्टांत आठ तारांची साधी कॅट५ई केबल लावली की वेग ११० च्या आसपास पोचतो. १०० जीबीच्या बॅकअपला पंधरा मिनिटे लागणार की अडीच तास, हे या चार तारांवर ठरते. इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसच्या आतला असेल तर ग्राहकाला हा फरक कधी कळतही नाही. फाइल कॉपी करतानाच तो समोर येतो, आणि मग बोल डिस्कला लागतो.

वाय-फायचा मुद्दा असा. आपल्या ताज्या फर्मवेअर अपडेटनंतर मुख्य वाय-फायवर एपी आयसोलेशन आपोआप चालू होते. पाहुण्यांच्या वाय-फायसाठी ही सेटिंग योग्यच आहे, पण मुख्य वाय-फायवर ती असली की दोन लॅपटॉप एकमेकांना दिसत नाहीत. इंटरनेट चालते, राउटरला पिंग (पोच मागणारा छोटा संदेश) जातो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. प्रतिनिधी यालाही फायरवॉलचा दोष म्हणतात. दोन्हींतला फरक पिंगवरून कळतो, आणि तो त्यांना शिकवायला हवा. समोरच्या संगणकाची फायरवॉल अडवत असेल तर पिंगला रिक्वेस्ट टाइम्ड आउट असे उत्तर येते, कारण तो संगणक नेटवर्कवर सापडलेला असतो, फक्त बोलत नाही. आयसोलेशन असेल तर त्याचा मॅक पत्ताच मिळत नाही आणि डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल असे येते. मग दोन्ही लॅपटॉप केबलने जोडून पाहावेत. केबलवर चालले आणि वाय-फायवर नाही, तर फायरवॉलला हात लावायची गरज नाही. अपडेटने ग्राहकाची सेटिंग न विचारता बदलू नये, आणि बदललीच तर अपडेटच्या माहितीत तसे लिहावे. आपल्या माहितीत फक्त स्थिरता सुधारली एवढेच लिहिले आहे.

माहितीपत्रकात एकच जोडणी दाखवली आहे : इंटरनेट कंपनीच्या राउटरमधून आलेली केबल आपल्या वॅन (इंटरनेटसाठीच्या) पोर्टमध्ये. बहुतेक घरांत तो आधीचा राउटरही वाय-फाय देत असतो, आणि तेव्हा या जोडणीने घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात, एक १९२.१६८.१ ने सुरू होणारे आणि दुसरे १९२.१६८.० ने. आतल्या नेटवर्कवरून बाहेरच्या संगणकाचे शेअर कधीकधी आयपी टाकून उघडते, उलट दिशेने मात्र उघडत नाही, आणि संगणकांची नावे एकमेकांच्या यादीत येत नाहीत, कारण शोध घेणारे संदेश राउटर ओलांडत नाहीत. अशा घरात राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे वेगळे नेटवर्क न करता पहिल्याच नेटवर्कचे वाय-फाय देणाऱ्या मोडवर, टाकणे हा सरळ उपाय आहे. आपल्या राउटरमध्ये तो मोड आहे, पण माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नाही, आणि तो निवडला की यूएसबी शेअरिंगचा टॅबच गायब होतो. शेअरिंग टिकवून ठेवायचे तर ग्राहकाला हाताने सगळे करावे लागते : आधी आपल्या राउटरचा लॅन पत्ता पहिल्या नेटवर्कमधला, पण पहिल्या राउटरच्या डीएचसीपी टप्प्याबाहेरचा ठेवायचा, मग त्याच नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी बंद करायचे, आणि शेवटी केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये लावायची. हा क्रम चुकला आणि डीएचसीपी आधी बंद झाले, तर संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, राउटरचे पान उघडत नाही, आणि संगणकाला हाताने पत्ता देणे ज्याला माहीत नाही त्याला रीसेटचे बटण दाबण्यावाचून गत्यंतर उरत नाही. चार ओळी आणि एक आकृती छापली असती तर हे टळले असते.

राउटर एनटीएफएस (विंडोजची नेहमीची डिस्क-मांडणी) डिस्क फक्त वाचतो आणि लिहिण्यासाठी फॅट३२ ही जुनी मांडणी मागतो, हेही खोक्यावर नाही. फॅट३२ वर ४ जीबीची फाइल मावत नाही. व्हिडिओ आणि बॅकअप साठवण्याची सोय म्हणून विकताना ही मर्यादा आधी सांगायला हवी.

तरी माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. एसएमबी१ चालू करणे, फायरवॉल बंद करणे आणि पासवर्ड-संरक्षित शेअरिंग बंद करणे या तिन्ही सूचना मदत पानावरून लगेच काढाव्यात. ज्यांनी त्या पाळल्या असतील त्या ग्राहकांना सेटिंग पूर्ववत कशी करायची ते ईमेलने कळवावे. ही मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण त्या घरांतले लोक काही बिघडले आहे हे जाणतही नाहीत. एसएमबी२ व ३ आणि पासवर्डसह युजरची सोय असलेले फर्मवेअर कधी देणार, याची तारीख लेखी कळवावी. ते देणार नसाल तर खोक्यावरची फाइल-शेअरिंगची जाहिरात काढावी आणि राउटर परत घेऊन मला पूर्ण रक्कम द्यावी. चार जोड्यांची केबल मला आणि मागतील त्या सर्व ग्राहकांना विनामूल्य पाठवावी. मुख्य वाय-फायवरचे आयसोलेशन मूळ सेटिंगमध्ये बंद असावे आणि यूएसबी शेअरिंग ॲक्सेस पॉइंट मोडमध्येही चालावे.

बिलाची प्रत, राउटरचा अनुक्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, एसएमबी१ च्या संदेशाचे चित्र, दोन्ही केबलांवरच्या वेगाची चित्रे आणि केबलच्या टोकाचा जवळून काढलेला फोटो सोबत जोडला आहे. उत्तर ज्याने फर्मवेअर पाहिले आहे अशा व्यक्तीकडून यावे. राउटर बंद करून पुन्हा चालू करा असे लिहिलेले उत्तर मी या तक्रारीचे निवारण मानणार नाही.

आपला विश्वासू,
एक ग्राहक