गणपतीला घर भरेल, तेव्हा रक्तही तपासून घ्या

महोदय,

गणपती तोंडावर आलेत. मुंबईचे चाकरमानी गावी पोचण्याआधी हे पत्र छापलंत तर उपकार होतील.

आमच्या घराण्यातले पुरुष पन्नाशी बघत नाहीत, असं वाडीत बोललं जाई. आजोबा काजूच्या बागेत कोसळले, वडील बेचाळिसाव्या वर्षी गेले. देवळात कौल लावून झाले, गाऱ्हाणी घालून झाली. मग थोरल्या भावाला बंदरावरून घराची घाटी चढताना भोवळ आली. दोन वर्षं धाप लागत होती, ती पित्तावर ढकलली होती. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मर्मर, म्हणजे ठोक्यांमधली खरखर, ऐकू आली आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावलं. हृदयातून महाधमनीत रक्त जातं त्या दारातली झडप कॅल्शियम साचून कडक झाली होती, तोंड अरुंद झालं होतं. एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, 274, फारच जास्त. मग त्यांनी त्याच्या टाचेमागचा जाड स्नायुबंध चाचपला, बोटांच्या सांध्यांवरच्या गाठी पाहिल्या. अशा गाठी वडिलांनाही होत्या. आम्ही त्या वाताच्या समजायचो, त्या साचलेल्या कोलेस्टेरॉलच्या निघाल्या.

हा आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा आजार. रक्तातलं एलडीएल उचलून घेण्याचं यकृताचं काम जन्मापासूनच अपुरं पडतं, त्यामुळे रक्तवाहिन्या आणि कधी कधी ही झडपही कोवळ्या वयापासून ते झेलत राहते. साधारण 250 माणसांत एकाला हा दोष असतो आणि त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आई-वडील दोघांकडून आला तर झडपेचा त्रास शाळकरी वयातही दिसू शकतो. तसं क्वचितच घडतं, पण नात्यात लग्नं होणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावं.

लोक लगेच नारळाला दोष देतात. भावाने सहा महिने सोलकढीसुद्धा सोडली, आकडा जेमतेम हलला. पथ्य हवंच, पण इथे गोळ्यांशिवाय भागत नाही. आणि झडप एकदा कडक झाली की ती मोकळी करणारी गोळी नाही, झडप बदलावीच लागते. भावाची बदलली, जिल्ह्याबाहेर जाऊन. म्हणून मुलांकडे आधी बघायला हवं. आठ-दहा वर्षांपासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध सुरू करता येतं. माझ्या अकरा वर्षांच्या पुतण्याचं एलडीएल 212 निघालं. धावण्यात तो वर्गात पहिला येतो, बघून कुणाला शंकाही आली नसती.

माझी आरोग्य खात्याला विनंती आहे की गणपतीच्या दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रांत लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या, तपासणीची सोय करावी. एरवी चार शहरांत पांगलेलं घराणं तेव्हाच एका छपराखाली असतं. शाळांत तपासणीला येणाऱ्या पथकांनीही ‘घरात कुणी तरुणपणी हृदयविकाराने गेलं का?’ हे विचारावं. पहिल्या चाचणीला उपाशीपोटी असायलाच हवं असंही नाही, त्यामुळे मोदकांची अडचण नको.

आमच्याकडे दीड दिवसाच्या गणपतीला यंदा सतरा माणसं जमणार आहेत. ऋषिपंचमीला सकाळी लॅबचा मुलगा रक्त घ्यायला येतो आहे.

– एक वाचक, सिंधुदुर्ग