मतदान करणार नाही म्हणणाऱ्या लेकीस

अंबाजोगाई

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की यापुढे तू मतदान करणार नाहीस, बातम्या पाहणार नाहीस आणि घरात कुणी राजकारणाचा विषय काढला तर सरळ उठून जाशील. त्या वेळी मी फारसे बोलले नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते तुकड्यातुकड्यांनी सांगण्याजोगे नाही. तुझा संताप मला खोटा वाटत नाही, हे आधी सांगते. तू ज्यांच्या बाजूने मत दिलेस ते निवडून येऊन ज्यांच्या विरोधात मत दिलेस त्यांच्याच सरकारात जाऊन बसले, तेव्हा मतपेटीवरचा तुझा विश्वास उडाला, माझाही डळमळला. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आला, एक-तृतीयांश आमदारांनी फुटून निघण्याची जी पळवाट त्यात उरली होती तीही 2003 मध्ये बंद करण्यात आली, आणि एवढे सगळे असूनही 2022 व 2023 मध्ये आपल्या डोळ्यांदेखत दोन पक्ष फुटले. शिवसेनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 रोजी बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा ठरवला, पण जे घडून गेले ते पालटता येणार नाही असेही सांगितले. आणि 10 जानेवारी 2024 रोजी विधानसभेच्या अध्यक्षांनी दोन्ही गटांतील एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. कायदा शिकलेल्या मुलीला याचा उबग आला तर तिला मी काय म्हणून दोष देऊ?

त्यात जिल्हा परिषदांचे काय झाले ते तुला पुण्यात बसून कदाचित जाणवले नसेल. 2022 मध्ये मुदत संपल्यापासून पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होते. मी ज्या शाळांत आयुष्य काढले त्या शाळेच्या गळक्या खोलीबद्दल विचारायला गावकऱ्यांना एकही निवडून आलेला माणूस नव्हता, आणि याबद्दल रस्त्यावर उतरलेले मी फारसे कुणी पाहिले नाही. हेही दुःखच आहे. पण माझे खरे दुःख याहून जवळचे आहे आणि ते पुढाऱ्यांविषयी कमी, आपल्या माणसांविषयी अधिक आहे.

2024 च्या डिसेंबरमध्ये आपल्या शेजारच्या केज तालुक्यात, मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे 9 तारखेला अपहरण झाले आणि त्यांना हालहाल करून मारण्यात आले. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून हा खून झाला, असे तपास यंत्रणेने दोषारोपपत्रात म्हटले आहे. दुसऱ्याच दिवशी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या बंदला हिंसक वळण लागले, पोलिसांनी धरपकड केली, आणि पकडलेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. दोन शेजारी जिल्हे, एकच आठवडा, दोन घरे उघडी पडली. मला वाटले होते की आता तरी मराठवाडा एका तोंडाने विचारील की सरपंचाला गुंड उचलून कसे नेतात आणि कोठडीतला मुलगा मरतो कसा. तसे झाले नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी आपापल्या जातीचा मृत निवडून घेतला. बीडच्या मोर्चासाठी गाड्या भरून गेलेल्या आपल्या नातेवाइकांना मी परभणीला चला म्हटले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी परक्या घरच्या तेराव्याला बोलावत होते. आणि परभणीसाठी तळमळणाऱ्या माझ्या एका जुन्या सहकारी शिक्षकांनी मस्साजोगबद्दल ‘ते त्यांचे त्यांचे भांडण आहे’ असे म्हणून विषय संपवला. दोन्हीकडे जाणारी माणसेही होती, त्यांना मी विसरत नाही; पण ती मोजकी होती आणि दोन्हीकडून त्यांना बोल लागले.

याहून वाईट वाटले ते एका गोष्टीचे. देशमुख त्या वादात ओढले गेले ते गावातल्या एका दलित सुरक्षारक्षकाला मारहाण झाली म्हणून धावून गेल्यामुळे. माणूस आपल्या जातीबाहेरच्या माणसासाठी उभा राहिला आणि त्यात त्याचा जीव गेला. मग आपण त्याचा शोकही जातीच्या आत कोंडून घातला. बाळ, तू ज्याला राजकारणाची घाण म्हणतेस ती मला इथे दिसते. विधानभवनात ती नंतर पोहोचते.

हे आजचे नाही. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मी गावातच शिकत होते. त्यानंतर काही दिवसांतच मराठवाड्यात ठिकठिकाणी दलित वस्त्या जाळण्यात आल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जिवे मारण्यात आले. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण वस्तीतल्या मुली शाळेत यायच्या थांबल्या. गुरुजी रोज सकाळी हजेरीत त्यांची नावे ओळीने पुकारीत, क्षणभर थांबत, ‘गैरहजर’ अशी खूण करीत आणि पुढचे नाव घेत. त्या कुठे आहेत, का येत नाहीत, हे वर्गात कुणीच विचारले नाही. दिवाळीनंतर त्यांतल्या काही परतल्या, काही कधीच परतल्या नाहीत. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा हजेरी घेताना तो थांबा मला रोज ऐकू यायचा.

ज्या औरंगाबादेत बाबासाहेबांनी 1950 मध्ये महाविद्यालय काढले, जिथे मागासलेल्या मराठवाड्यातल्या सर्व जातींच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले, त्याच शहरातल्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळायला 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले, आणि तेही नामविस्तार, म्हणजे जुने नाव कायम ठेवून त्याला बाबासाहेबांचे नाव जोडण्याच्या तडजोडीने. त्याआधी 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले होते. निजामाविरुद्ध लढलेल्या, ज्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे अशा गोविंदभाई श्रॉफांसारख्या माणसांनीही प्रादेशिक अस्मितेच्या नावाने नामांतराला विरोध केला. स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जाण्याची ज्यांची तयारी होती त्यांनाही दुसऱ्याच्या सन्मानाचा प्रश्न आपला वाटला नाही, याचा मी फार विचार केला आहे. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झाले आणि आपण दरवर्षी त्या दिवशी झेंडा लावतो. पण त्या मुक्तीत कोण कोण होते, हा प्रश्न ध्वजवंदनानंतर कुणी विचारत नाही.

आता आरक्षणाचे. आपण मराठा घरातले, म्हणून याबद्दल मी जरा अधिक स्पष्ट बोलते. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत 1 सप्टेंबर 2023 रोजी मराठा आरक्षणासाठी बसलेल्या उपोषणकर्त्यांवर लाठीमार झाला, तो अन्याय होता आणि मी तेव्हाही तसेच म्हटले. तुझ्या मामाच्या मुलांची तीन-चार एकर कोरडवाहू जमीन, दर दुसऱ्या वर्षी हातचे जाणारे सोयाबीन, खाजगी महाविद्यालयाची फी आणि स्पर्धा परीक्षांच्या खोलीत गेलेली उमेदीची वर्षे, ही निराशा खरी आहे. आणि माळी, धनगर, वंजारी घरांतल्या मुलांना वाटणारी भीतीही, की मोठ्या संख्येने कुणी आत आले तर आपल्या हाती आलेले थोडेसे निसटेल, तितकीच खरी आहे. या दोन खऱ्या दुःखांच्या मध्ये ज्यांनी भिंत बांधली त्यांची त्यावर निवडणूक निघाली. सरकारी जागा रिकाम्या का ठेवल्या जातात, कायम पदांच्या ठिकाणी कंत्राटी माणसे का भरली जातात, जिल्हा परिषदेची शाळा ओस का पडते, हे प्रश्न दोन्ही बाजूंच्या मुलांनी मिळून विचारले असते तर उत्तर देणाऱ्याला घाम फुटला असता. त्याऐवजी गावात एकमेकांच्या दुकानावर जाणे बंद झाले, वीस-वीस वर्षांच्या मैत्रिणी लग्नपत्रिकेवर आडनाव पाहून जायचे की नाही ते ठरवू लागल्या. माझ्या स्वतःच्या बहिणीने माझ्याशी बोलणे सोडले आहे, हे तुला मी आजवर सांगितले नव्हते.

आणि आपल्यासारख्यांचे, स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्यांचे काय? जयंतीला, पुण्यतिथीला सभागृह भाड्याने घ्यायचे, तीच ओळखीची माणसे जमवायची, संविधान धोक्यात असल्याचे एकमेकांना सांगायचे आणि चहा घेऊन घरी जायचे. मला त्या सभांचा कंटाळा आला आहे. ज्याचे पोट, जमीन किंवा अब्रू त्या संविधानावर अवलंबून आहे, तो माणूस त्या सभागृहात नसतो.

तो कुठे असतो ते सांगते. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या वस्तीवरची एक बाई गेल्या महिन्यात पत्र्याची पेटी घेऊन माझ्याकडे आली. तिच्या सासऱ्याने गायरानाचा एक तुकडा दगडगोटे वेचून वाहितीखाली आणला होता. पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या दंडाच्या पावत्या होत्या: पिवळ्या पडलेल्या, घड्यांवर फाटलेल्या, काहींवरची शाई पार उडालेली. सरकारी जमिनीवर अतिक्रमण केले म्हणून महसूल खात्याने वेळोवेळी केलेला तो दंड. तिला वाचता येत नाही, पण सासऱ्याने मरताना सांगितले होते की घर जळाले तरी ही पेटी आधी बाहेर काढ. त्याचे बरोबर होते. राज्य सरकारच्या 28 नोव्हेंबर 1991 च्या निर्णयाप्रमाणे 14 एप्रिल 1990 पूर्वीची भूमिहीनांची अशी अतिक्रमणे नियमित करता येतात, आणि ताबा त्या तारखेच्या आधीचा आहे हे दाखवायला या पावत्या आणि गाव नमुना एक-ई, म्हणजे तलाठ्याकडच्या अतिक्रमणांच्या नोंदवहीतली नोंद यांहून चांगला पुरावा नाही. आपल्या बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने हे काम गावोगावी केले. मार खाल्ला, गुन्हे अंगावर घेतले, पण लोकांना पावती जपायला आणि नोंद मागायला शिकवले. तरीही या बाईचा सातबारा आजतागायत झालेला नाही. 2022 च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानातली अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा तिच्याही दारावर एक चिकटवली होती. पुढे ती कारवाई थंडावली, पण तिची झोप गेली ती गेलीच. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नाही, म्हणून रहिवासी दाखल्याला अडचण, म्हणून शिधापत्रिका वेगळी होत नाही. दसऱ्यानंतर ती आणि तिचा नवरा मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर जातात आणि उन्हाळ्यातच परततात, तेव्हा कार्यालयात खेटे घालायला वर्षातले अर्धे महिनेच हातात उरतात.

तिने मला विचारले नाही की माझे मत कुणाला आहे. तिने एवढेच विचारले की यातली कोणती पावती सर्वांत जुनी आहे.

तू म्हणशील की आई, एका बाईच्या जमिनीने व्यवस्था बदलत नाही. खरे आहे. पण सोमनाथच्या आईकडे पाहा. सरकारने विधानसभेत एक सांगितले, शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांचा उल्लेख आला, आणि ती बाई त्या दोन कागदांमधला फरक धरून औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेली. 2025 च्या जुलैमध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तिला अजून न्याय मिळालेला नाही, मुलगा तर परत येणारच नाही. पण कोठडीतला मृत्यू दाबून टाकता आला नाही, कारण तिच्या बाजूने अर्ज लिहिणारे, युक्तिवाद करणारे कुणीतरी उभे होते. त्या जागी उभे राहता येईल एवढे शिक्षण तुझ्याजवळ आहे. तू कंपनीचे करारनामे तपासतेस, ते जरूर तपास. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण उरलेल्या वेळात तू डोळे मिटून बसणार असशील तर माझी हरकत आहे, आणि ती आई म्हणून जितकी आहे तितकीच या जिल्ह्यात राहणारी नागरिक म्हणूनही आहे.

मतदानाचे तू ठरव. तुझे नाव अजून इथल्याच यादीत आहे आणि मी ते काढू देणार नाही. मात्र एक काम आजच सांगते. त्या बाईच्या सर्व पावत्यांचे फोटो मी तुझ्या मोबाईलवर पाठवले आहेत. 1984 ची एक आहे, तिच्यावरचा गट क्रमांक मला लागत नाही, तो तू मोठा करून पाहा. एक-ई च्या उताऱ्यासाठी मी माहिती अधिकारात अर्ज केला होता. तीस दिवस उलटले तरी उत्तर आलेले नाही, तेव्हा पहिले अपील कोणत्या शब्दांत करायचे ते लिहून पाठव. जमीन नियमित करण्याच्या अर्जाचा मसुदा मी केला आहे, पण त्यात कलमे आणि शासन निर्णयाचा संदर्भ कायद्याच्या भाषेत बसवायला हवा. हे सगळे दसऱ्याच्या आत व्हायला पाहिजे, कारण त्यानंतर टोळी निघेल आणि अर्जावर अंगठा द्यायला ती इथे नसेल.

तुझी,
आई