ब्राउझर फास्ट करायला बाहेरून काही आणू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, जागा नसेल तर काटछाट करा पण मधला एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचा, भाग तेवढा ठेवा. मी तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते, अकरा वर्षं झाली. सातबारा, लाईट बिल, स्कॉलरशिप, अकरावीचं ॲडमिशन, उत्पन्नाचा दाखला सगळं ब्राउझरमधेच, म्हणजे ज्यात आपण साइट उघडतो त्या क्रोमसारख्या प्रोग्रॅममधेच, होतं, त्यामुळे ब्राउझर स्लो होणं म्हणजे काय ते मी रोज बघते. फॉर्म जवळजवळ भरून झालेला असतो आणि ते चक्र गोल गोल फिरत राहतं, समोर बाई कडेवर पोर घेऊन उभी असते आणि तिची शेवटची एसटी साडेपाचची असते.

महिन्याभरापूर्वी आमच्या आळीतले रिटायर्ड गुरुजी लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात आले. मला चौथीला होते ते. म्हणाले, "पोरी, जरा बघ गं, हे बंदच होईना." स्क्रीन पूर्ण लाल, तुमच्या कॉम्प्युटरमधे व्हायरस सापडला आहे, लॅपटॉप बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा, आणि मागे सतत भोंगा. विचारत गेले तसं एकेक कळत गेलं. लॅपटॉप चार-पाच महिने स्लो चालत होता, गुरुजींनी नेटवर ब्राउझर फास्ट कसा करायचा ते शोधलं, सगळ्यात वर जे आलं ते क्लिक केलं, ती जाहिरात होती हे त्यांना कसं कळणार, त्यातून एक बूस्टर डाऊनलोड झाला, त्याने शोधायचं पानच बदलून टाकलं आणि मग ही लाल स्क्रीन यायला लागली. आदल्या दिवशी त्यांनी त्या नंबरवर फोनही केला होता. समोरचा माणूस अगदी अदबीने बोलत होता, त्याने त्याला लॅपटॉपची स्क्रीन दिसेल असं ॲप टाकायला लावलं, सफाईचे म्हणून ४,९९९ रुपये घेतले आणि मग म्हणाला आता नेटबँकिंग उघडा, पैसे बरोबर आले का बघू. तिथे मात्र गुरुजींनी लॅपटॉप मिटला आणि वायफायचं बटण बंद केलं. त्या एका गोष्टीमुळे पेन्शनचं खातं वाचलं.

गुरुजींसारखं शिकलेलं माणूस यात सापडतं, कारण सुरुवात अगदी साध्या अडचणीपासून होते. ब्राउझर स्लो आहे, तो फास्ट करायचाय, म्हणजे काहीतरी टाकावं लागेल असं प्रत्येकाला वाटतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की काही टाकावं लागत नाही, काढावं लागतं. आणि जे काढायचं ते ब्राउझरच्या आतच असतं, फुकट, आणि बाहेरच्या कुणाला विचारावं लागत नाही.

ब्राउझर जड का होतो ते मला भाच्याने समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. क्रोममधे टॅब, म्हणजे एकाशेजारी एक उघडलेली पानं, बहुतेक करून एकमेकांपासून वेगळे चालतात, एक अडकला तर बाकीचे बंद पडू नयेत म्हणून. २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरमधले स्पेक्टर आणि मेल्टडाऊन हे दोष बाहेर आले, त्यानंतर त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक वेबसाइट अजून कडक वेगळी ठेवायला सुरुवात केली, म्हणजे एका साइटने दुसऱ्या साइटची माहिती, समजा बँकेची, चोरून वाचू नये. याने मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागेल असं गुगलनेच तेव्हा सांगितलं होतं. म्हणजे ब्राउझर जी रॅम (हीच ती मेमरी) खातो त्यातली थोडी आपल्याच सुरक्षेसाठी असते, आणि म्हणून सेटिंगमधली सुरक्षा बंद करून स्पीड वाढवा असं कोणी व्हिडिओत सांगत असेल तर ते अजिबात करू नका. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तीस टॅब उघडे ठेवले की रॅम संपते, मग तो हार्ड डिस्कवर लिहा-वाचायला लागतो आणि तिथे सगळं बसतं. टॅब बंद करणं हा पहिला उपाय आहे, आणि कुठला टॅब जास्त खातोय ते बघायचं असेल तर क्रोममधे शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, क्रोमचाच टास्क मॅनेजर उघडतो, नावासकट आणि आकड्यासकट सगळं दिसतं. मी हे दाखवलं की लोकांना खरंच आश्चर्य वाटतं.

आता एक्स्टेन्शन. संपादकसाहेब, सगळ्यात जास्त घोळ मला इथे सापडतो. कूपन शोधणारं, पीडीएफ बदलणारं, व्हिडिओ उतरवणारं, हवामान सांगणारं, एकेका लॅपटॉपवर दहा-दहा असतात आणि मालकाला त्यातलं एकही आठवत नाही. यातल्या कितीतरी एक्स्टेन्शनना तुम्ही उघडता ते प्रत्येक पान वाचायची परवानगी असते, बँकेचंसुद्धा, आणि ती परवानगी आपणच हो म्हणून दिलेली असते. बरं, आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्या चांगलं राहीलच असं नाही. द ग्रेट सस्पेंडर नावाचं एक होतं, न वापरलेले टॅब झोपवून ब्राउझर हलका करणारं, म्हणजे नेमकं आपल्या कामाचं, वीस लाखांवर लोक वापरत होते आणि ते खरंच चांगलं काम करायचं. २०२० मधे मूळ बनवणाऱ्याने ते दुसऱ्या कुणाला तरी विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मधे गुगलने त्यात मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, आहे म्हणून ते काढून टाकलं. वापरणाऱ्यांनी काहीच चूक केली नव्हती, त्यांच्या नकळत मालक बदलला होता. ज्या कामासाठी ते घ्यायचे ते काम आता क्रोम स्वतःच करतो, सेटिंगमधे परफॉर्मन्सच्या खाली मेमरी सेव्हर आहे, २०२२ च्या शेवटापासून. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधे तेच स्लीपिंग टॅब्स नावाने आहे. तेवढं चालू करा, बाहेरचं काही घेऊ नका.

सफाईच्या सॉफ्टवेअरचंही तसंच. सीसीक्लीनर हे नाव बहुतेकांनी ऐकलंय, २०१७ च्या ऑगस्टमधे त्याच्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून जे व्हर्जन जात होतं त्यातच हॅकरनी मालवेअर घुसवलं होतं आणि ते साधारण २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर पोचलं. कंपनी खरी, साइट खरी, तरी हे झालं. आणि अव्हास्ट या अँटीव्हायरस कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मधे १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले, कारण एक्स्टेन्शन आणि अँटीव्हायरसमधून लोकांचं ब्राउझिंग गोळा करून ते विकलं जात होतं. मोठ्या नावांचं हे असं, तर जाहिरातीतून आलेल्या अनोळखी बूस्टरवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

दोष एक्स्टेन्शनचा आहे का हे तपासायची सोपी युक्ती आहे. इन्कॉग्निटो, म्हणजे हिस्टरी न ठेवणारी, विंडो उघडा आणि तीच साइट तिथे चालवून बघा. इन्कॉग्निटोमधे एक्स्टेन्शन आपण मुद्दाम चालू केल्याशिवाय चालत नाहीत, त्यामुळे साइट तिथे झटकन उघडली आणि साध्या विंडोत अडकली तर बहुतेक वेळा एक्स्टेन्शनच असतं. मग सगळी बंद करायची आणि लागतील तशी एकेक चालू करत जायची, जे चालू केल्यावर परत अडकलं ते काढून टाकायचं. गुरुजींच्या लॅपटॉपवर सात होती, त्यातलं एक ठेवलं. आणि नोटिफिकेशन, ती खरी डोकेदुखी. पान उघडल्या उघडल्या अलाऊ विचारतं, घाईत आपण हो म्हणतो आणि मग कोपऱ्यात व्हायरस सापडला, लॉटरी लागली अशा पट्ट्या येत राहतात, लोकांना वाटतं कॉम्प्युटरच बोलतोय. सेटिंगमधे साइट सेटिंग्जमधे नोटिफिकेशन्स उघडा, अलाऊच्या यादीत ओळखीचं नसेल ते सगळं काढा. गुरुजींच्या यादीत १९ साइट होत्या.

लाल स्क्रीन आलीच तर घाबरायचं नाही, ते नुसतं वेबपान असतं, पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं. एस्केप थोडा वेळ दाबून धरा, नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ-४, तेही नाही झालं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा आणि परत उघडताना रिस्टोअर म्हणू नका. नंबरवर फोन करायचा नाही, खरी ब्राउझर कंपनी अशी स्क्रीन दाखवून नंबर देत नाही. ब्राउझर अपडेट करा असं कुठल्याही साइटने सांगितलं तरी तिथून करायचं नाही, क्रोमच्या तीन टिंबांवर जाऊन हेल्प आणि मग अबाऊट गुगल क्रोम उघडलं की तो स्वतःच तपासतो आणि अपडेट होतो.

हिस्टरी साफ करण्याबद्दल मात्र लोकांचा फार गैरसमज आहे. रोज कॅश उडवली की स्पीड वाढतो असं नाहीये, कॅश म्हणजे साइटची चित्रं वगैरे आपल्याकडे साठवलेली असतात म्हणून दुसऱ्यांदा पान लवकर उघडतं, ती उडवली की सगळं परत डाऊनलोड होतं. पान अर्धवट दिसत असेल किंवा जुनंच दिसत असेल तेव्हा उडवावी. आणि डिलीट दाबायच्या आधी टिका कशाकशावर आहेत ते बघा, कुकीजवर (साइट आपलं लॉगिन लक्षात ठेवते त्या नोंदी) असेल तर बहुतेक सगळीकडून लॉगआउट व्हाल आणि पासवर्डवर असेल तर सेव्ह केलेले पासवर्ड जातील, सिंक, म्हणजे कॉम्प्युटर आणि मोबाइलवरचं एकसारखं ठेवायची सोय, चालू असेल तर मोबाइलवरचेही. माझ्याकडे एका ताईंचं असं झालंय, त्यांच्या मुलाच्या ॲडमिशनचा पासवर्ड परत मिळवता मिळवता फॉर्मची तारीख गेली होती, ते मी विसरू शकत नाही.

मशीनच जुनं असेल तर ब्राउझर काय करणार हेही खरं आहे. विंडोज ७ वर क्रोमचं १०९ हे शेवटचं व्हर्जन, फेब्रुवारी २०२३ पासून पुढचं मिळत नाही, तरी आमच्या भागात असे कॉम्प्युटर अजून आहेत आणि त्यावर लोक बँकेचं काम करतात. विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांच्याकडे पैसे कमी आहेत त्यांना मी सांगते, नवा लॅपटॉप लगेच घेऊ नका, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त फास्ट डिस्क, बसवा आणि रॅम वाढवता येते का विचारा, फरक त्याच दिवशी दिसतो. माझ्या एका जुन्या मशीनवर भाच्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून दिलीय, फायरफॉक्स हा ब्राउझर त्यावर छान चालतो.

आणि कित्येकदा ब्राउझरचा दोषच नसतो. शेवटच्या तारखेला सगळा जिल्हा एकाच पोर्टलवर असतो, सर्व्हरच दमलेला असतो, तेव्हा दुसऱ्या दोन साइट उघडून बघा, त्या नीट उघडत असतील तर आपल्या कॉम्प्युटरला हात लावू नका. लोक बरोबर अशाच वेळी घाईत काहीतरी डाऊनलोड करतात. माझ्यासारखं दुकान असेल तर गिऱ्हाइकाचं काम क्रोमच्या गेस्ट, म्हणजे पाहुण्यासाठीच्या, विंडोत करा, त्यात एक्स्टेन्शन नसतं आणि सगळ्या गेस्ट विंडो बंद केल्या की त्या माणसाचं लॉगिन मागे राहत नाही, पुढच्याच्या हाती लागत नाही.

गुरुजींच्या लॅपटॉपवरून ते स्क्रीनचं ॲप आधी काढलं, बँकेला फोन करून खात्याचे ऑनलाइन व्यवहार थांबवले, पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदलले आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. एक दिवस उशीर झाला होता, १९३० वर जितक्या लवकर फोन जाईल तितकं पैसे अडवणं सोपं असतं, आणि गुरुजींना तो नंबर माहीतच नव्हता. दुकानात येणाऱ्या कितीतरी जणांना तो माहीत नाही, मी आता भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलाय. पैसे अजून आलेले नाहीत.

तुम्हाला विनंती एकच, मे-जूनमधे फॉर्म सुरू होतात तेव्हा पेपरात एक छोटी चौकट द्या, रोज नको, आठवड्यातून एकदा. त्यात १९३० छापा आणि लाल स्क्रीनवरच्या नंबरला फोन करू नका एवढं छापा. आमच्याकडे पेपर अजून पारावर मोठ्याने वाचला जातो, मोबाइलवर आलेल्या मेसेजपेक्षा लोक त्याचं ऐकतात.

माझं नाव आणि गाव छापू नये. गाव लहान आहे, गुरुजी कोण ते लगेच कळेल, आणि त्यांना आधीच फार लागलंय.

आपली,
एक नियमित वाचक